आपल्या गावाचे फोटो कसे काढायचे: खान्देशातल्या नव्या फोटोग्राफरांसाठी

गावात राहून फोटोग्राफी करायची असेल तर लग्नाच्या ऑर्डरीपासून सुरुवात करू नका. लग्नं येतीलच. त्याआधी आपल्या गल्लीतल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाचा एक चांगला फोटो काढा आणि त्याची प्रत घरी नेऊन द्या. का, ते सांगतो.

माझं दुकान चोपडा तालुक्यातल्या एका बाजाराच्या गावात, बसस्टँडसमोर आहे. पासपोर्ट फोटो, लॅमिनेशन, लग्नं, सप्ताह, शाळेचं गॅदरिंग, सगळं करतो. या धंद्यात एक गिऱ्हाईक बारा महिने येतं. घरातलं माणूस गेलेलं असतं, दहावं तोंडावर आलेलं असतं आणि मुलाच्या हातात आधार कार्ड असतं. "याच मोठा करी द्या दादा, दुसरा फोटो नही शे." कार्डावरची आजी भेदरलेली, डोळे अर्धे मिटलेले, पदर कुणीतरी मागं सारायला लावलेला. उभा जन्म शेतात राबलेल्या बाईचं भिंतीवर तेवढंच राहणार. नातवाच्या मोबाइलमध्ये ढिगानं फोटो असतात, पण त्यात आजी नसते. असली तर कडेला अर्धी. मला हे बघवत नाही. म्हणून पुढचं सगळं लिहितोय.

म्हाताऱ्या माणसाचा फोटो

सकाळी आठच्या आत जा. आपल्याकडं चैत्र-वैशाखात पारा ४४-४५ अंशांवर जातो. नऊनंतरचं ऊन चेहऱ्यावर डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे पाडतं. माणसाला अंगणात उभं करू नका. ओसरीत, उघड्या दाराकडं तोंड करून बसवा. दारातून येणारा उजेड मऊ असतो, सुरकुती न् सुरकुती दिसते आणि डोळ्यांत दाराचं छोटं पांढरं प्रतिबिंब येतं. तेवढ्यानं चेहरा जिवंत दिसतो.

आल्या आल्या कॅमेरा काढू नका. चहा येईल, तो प्या. बाबांना विचारा, पहिली मोट कुणाच्या विहिरीवर हाकली. आजीला विचारा, माहेर कुठलं. बोलताना माणूस आपोआप नीट बसतो. मग तुम्ही खाली बसा, म्हणजे कॅमेरा त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला येतो. उभं राहून वरून काढलेल्या फोटोत माणूस केविलवाणा दिसतो.

कॅमेरा असेल तर ५० मिमीची लेन्स, अॅपर्चर (लेन्सचं भोक) २.८ ते ४, शटर (उघडं राहायचा वेळ) १/१२५ सेकंदापेक्षा मंद नको. मोबाइल असेल तर दोन पाऊलं मागं सरका आणि २एक्सवर काढा. अगदी जवळून काढलं की नाक मोठं येतं, कान मागं जातात. बाबांच्या डोक्यावर पांढरी टोपी असते आणि चेहरा उन्हानं रापलेला. कॅमेरा टोपीला भुलतो, उजेड कमी करतो आणि चेहरा काळवंडतो. मोबाइलवर चेहऱ्यावर बोट टेकवा आणि शेजारचं सूर्याचं चिन्ह थोडं वर सरकवा. कॅमेऱ्यात एक्सपोजर (उजेडाचं माप) दोन तृतीयांश ते एक स्टॉप वाढवा, एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड. टोपीचा पांढरेपणा थोडा जळाला तरी चालेल, चेहरा हवा. चष्म्यात दार चमकत असेल तर हनुवटी किंचित खाली घ्यायला सांगा.

पदर, टोपी, कपाळावरचं कुंकू, यांना हात लावू नका. आजी स्वतः सावरेल. एक फोटो समोर बघणारा, सरळ, गंभीर, जसा त्यांना हवा असतो तसा काढा. तोच फ्रेममध्ये जाणार. पूर्ण अंगाचाही एक काढा, कारण पाय कापलेला फोटो कित्येक जुन्या माणसांना रुचत नाही. त्यानंतरचे फोटो तुमचे: तंबाखू मळणारे हात, नातीची वेणी घालणारी आजी, खाटेची सुंभ आवळणारे बाबा.

दोन ठिकाणची माणसं

खान्देशात फोटोग्राफीचं नाव काढलं की चाळीसगावचे केकी मूस आठवतात (१९१२–१९८९). स्टेशनजवळच्या घरात त्यांनी कित्येक दशकं स्वतःला कोंडून घेतलं आणि टेबलावर वस्तू मांडून, उजेडाचा खेळ करून जगानं नावाजलेले फोटो काढले. त्यांचं घर आता कलादालन आहे, प्रत्येकानं एकदा जाऊन बघावं. उजेड कसा वळवायचा हे तिथं शिकायला मिळतं. पण आपलं काम दारोदार जायचं आहे.

ते काम कसं होतं, हे बघायला मी वेल्सचे जुने फोटो बघतो. ब्रिटनच्या पश्चिमेचा हा डोंगराळ मुलूख, शेती-मेंढ्यांचा, स्वतःची वेगळी भाषा टिकवून असलेला. तिथला जॉन थॉमस (१८३८–१९०५) आधी लिव्हरपूलला कापडाच्या दुकानात कामाला होता. १८६७ साली त्यानं 'केंब्रियन गॅलरी' हा फोटोचा धंदा काढला आणि गावोगाव हिंडून धर्मोपदेशकांपासून मजुरांपर्यंत सगळ्यांचे फोटो काढले. त्याच्या तीन हजारांवर काचेच्या प्लेटा अॅबरिस्टविथच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. दुसरा जेफ चार्ल्स (१९०९–२००२). हा वर्तमानपत्राचा फोटोग्राफर. मेळे, बाजार, शेतकऱ्यांची कामं, शाळा, सगळीकडं जायचा. त्याच्या सुमारे १ लाख २० हजार निगेटिव्ह त्याच ग्रंथालयात जपल्यात आणि दोघांचेही फोटो घरबसल्या नेटवर बघता येतात. लिव्हरपूल शहराला पाणी हवं म्हणून १९६५ साली कापेल केलिन हे गाव धरणात बुडवलं. बुडण्याआधीचं ते गाव आणि तिथली माणसं चार्ल्सच्या फोटोंत आहेत.

हे वाचलं की मला आपला नंदुरबार जिल्हा आठवतो. मणिबेलीसकट अक्कलकुवा-अक्राणीतली ३३ गावं सरदार सरोवरानं बाधित झाली. उकाई धरणाच्या फुगवट्यात गावं गेली, इकडं जळगाव जिल्ह्यात हतनूर धरणात गेली. तिथल्या किती जणांकडं बापाच्या घराचा एक तरी फोटो असेल? धरणच यायला हवं असंही नाही. रस्ता रुंद होतो, धाब्याचं घर पडतं, स्लॅब येतो. गल्लीत कुणी घर पाडणार असं कानावर आलं की आदल्या दिवशी जाऊन या. दार, देवळी, चूल, उतरंड, धाब्याची लाकडं, सगळं वेगवेगळं काढा. शेवटी घरातल्या सगळ्यांना दारात उभं करून एक काढा. रिकाम्या घराच्या फोटोपेक्षा तो फोटो हजारपट कामाचा.

रोजचं काम

केळीच्या बागेत उजेड हिरवा असतो. वर पानं, खाली पानं, त्यामुळं माणसाचा चेहरा आजारी दिसतो. व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंग जुळवायची सोय) ऑटोवर सोडू नका. घड कापणाऱ्या टोळीतल्या एखाद्याच्या पांढऱ्या रुमालावर धरून जुळवून घ्या किंवा माणूस बागेच्या काठावर, बांधाकडं आला की काढा. कापणारा घड सोडवतो आणि खाली खांद्यावर गादी घेऊन उभा असलेला गडी तो झेलतो, त्या क्षणी त्याचे गुडघे किंचित वाकतात. फोटो तिथं आहे. शटर १/५०० ठेवा, बागेत अंधार असला तरी आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद) वाढवा पण शटर कमी करू नका. अंगावर जुने, गडद कपडे घाला. केळीचा चीक पांढऱ्या शर्टावर पडला की तो डाग जात नाही. लेन्सवर उडाला तर शर्टानं पुसू नका, लगेच ओल्या कापडानं हलक्या हातानं टिपून घ्या. आणि ठिबकच्या नळ्यांवर पाय देऊ नका. मालक एकदा वैतागला की पुढच्या वर्षी बागेत घेत नाही.

कापूस वेचणीला चार वाजल्यानंतर जा. सूर्य वेचणाऱ्या बायांच्या मागं येईल असं बसा, म्हणजे ओटीतला कापूस कडेनं उजळतो. दुपारी तोच कापूस नुसता पांढरा डाग होतो. खरा फोटो मात्र वेचणीचा नसून वजनाचा. दिवस मावळताना बांधावर काटा टांगतात, एकेकीचं गाठोडं लटकवतात, आणि दिवसभर पाठ मोडून वेचलेला कापूस किती किलो भरला हे कळायच्या आधी ती ज्या नजरेनं काट्याकडं बघते, ती नजर धरा. काट्याच्या बाजूनं, बायांकडं तोंड करून उभं राहावं लागेल. आधी मुकादमाला आणि बायांना विचारा.

हिवाळ्यात शेतात भरीत पार्ट्या होतात. वाळक्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजताना फ्लॅश लावला की जाळ मरतो. जाळच दिवा समजा, माणसं त्याच्या अर्धगोलात बसू द्या, आणि लाकडी बडगीत भरीत ठेचायला लागले की हातांवर फोकस ठेवा.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खापरावरचे मांडे होतात, तिथं थांबा. बाई पुरणाचा उंडा दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत पसरवते आणि पालथ्या खापरावर टाकते. सगळं दोन श्वासांत होतं. पहिले दोन-चार मांडे नुसते बघा, तिची लय कळू द्या. हात सगळ्यांत लांब होतात तेव्हा पारदर्शक मांड्यातून चुलीचा उजेड येतो. चुलीच्या समोरच्या बाजूला, धूर जिकडं जात नाही तिकडं बसा. त्याच दिवशी माहेरवाशिणी निंबावरच्या झोक्यावर असतात. झोका दोन्ही टोकांना क्षणभर थांबतो, फोटो तिथं घ्यायचा. मध्ये घेतला तर हलतो.

सण, यात्रा आणि गर्दी

कानबाईचं, आपल्या खान्देशातल्या देवीच्या सणाचं, सांगतो, कारण तिथं बाहेरचा फोटोग्राफर हमखास चुकतो. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, सोमवारी सकाळी उठते. चौरंगावर साडी-नथ घातलेली कानबाई, वर फुलोरा, समोर समया, आणि रात्रभर गाणी. खोली लहान, माणसं दाटीवाटीनं. फ्लॅश काढूनच टाका. घरच्या काकूंना नम्रपणे म्हणा, दोन मिनिटं ट्यूबलाइट बंद करता का. समयांच्या उजेडात आयएसओ ३२०० आणि अॅपर्चर १.८ असेल तर १/६०ला फोटो येतो. श्वास रोखून, कोपर पोटाला टेकवून धरा. देवीचा फोटो सगळे मोबाइलवर काढतात. तुम्ही गाणाऱ्या बायांचा काढा, विशेषतः ज्या म्हातारीला सगळी गाणी पाठ आहेत तिचा. जमलं तर तिचं गाणं मोबाइलवर रेकॉर्डही करून घ्या.

रोटाच्या, म्हणजे कानबाईच्या प्रसादाच्या, जेवणाला घरचे आणि भाऊबंदच असतात. तिथं कॅमेरा नेऊ नका. बोलावलं नाही याचं वाईटही वाटून घेऊ नका, ती रीत आहे. सोमवारी कानबाई डोक्यावर घेऊन नदीवर निघते तेव्हा मिरवणुकीच्या पुढं उलट पावली चालावं लागतं. एका ओळखीच्या पोराला मागं उभं करा, तो तुमचा शर्ट धरून खड्डे-पायऱ्या सांगेल. नदीवर निरोप देताना बायांचे डोळे भरून येतात. त्या वेळी एकदोनच काढा आणि कॅमेरा खाली घ्या.

यात्रेत बारा गाड्या ओढतात, तिथं जीव सांभाळा. एकामागं एक जोडलेल्या गाड्या, वर बसलेली माणसं, पुढं त्या ओढणारा भगत आणि बाजूला त्याला धरणारे बगले. एकदा ओढायला सुरुवात झाली की त्या गाड्या कुणाला थांबवता येत नाहीत. रस्त्याच्या मध्ये उभं राहून फोटो घ्यायचा विचारही करू नका, आणि गाडी आणि भिंत यांच्या मधल्या जागेत तर अजिबात शिरू नका. दुपारीच जाऊन रस्ता पायी बघा, एखाद्या ओळखीच्या घराची गच्ची किंवा उंच ओटा मागून ठेवा. शटर १/५०० ते १/१०००. लवकर गेल्याचा दुसरा फायदा असा की गाड्या जोडताना, चाकांना वंगण देताना, जू तपासताना गावातली माणसं भेटतात. ते फोटो मला गर्दीच्या फोटोंपेक्षा जास्त आवडतात. त्यात प्रत्येकाचा चेहरा ओळखू येतो.

नंदुरबार जिल्ह्यातल्या काठी गावच्या आदिवासींच्या राजवाडी होळीला मोलगीकडून जावं लागतं. होळी पहाटे पेटते, रात्रभर ढोल वाजत असतात आणि सातपुड्यात थंडी असते. अंगावर घ्यायला काहीतरी न्या. बुध्या, बावा अशी नाचणाऱ्यांची सोंगं घेतलेली माणसं नवस आणि पालनी (व्रताचे नियम) पाळून आलेली असतात. त्यांचं व्रत चालू असतं, त्यांना अंगाला हात लावून उभं करणं, पैसे देऊन नाचायला लावणं हे करू नका. तिथल्या ओळखीच्या पोराला सोबत घ्या, गावच्या कारभाऱ्याला भेटा, फोटो कुणाला आणि कसा पाठवायचा ते आधी ठरवा. होळी पेटल्यानंतर फटफटतं तेव्हाचा उजेड सर्वांत चांगला: आकाश निळं, धुळीत जाळाचा तांबडा. तेवढा वेळ बॅटरी शिल्लक ठेवा.

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात फ्लॅश नको, घोड्याच्या मागं उभं राहायचं नाही, आणि धुळीत लेन्स बदलायची नाही. पोळ्याला बैलांवरून ड्रोन उडवू नका, बैल बुजतात. अंमळनेरला सखाराम महाराजांच्या यात्रेत रथापेक्षा बोरी नदीच्या पात्रातली दुकानं आणि पाळणे बघा. लग्नांचं इथं फारसं सांगत नाही, ते काम तुम्हाला कुठलाही सिनियर शिकवेल. एवढंच करा, विसार घेतल्याशिवाय तारीख धरू नका, आणि पंगत वाढणाऱ्या, वरण-बट्टीची बट्टी भाजणाऱ्या माणसांचे फोटो अल्बमात घाला. लग्नाच्या पैशांतूनच म्हाताऱ्यांच्या प्रती निघतात. त्या फोटोंचे मी पैसे घेत नाही.

नाव लिहा, प्रत द्या

हे काम कंटाळवाणं आहे आणि सर्वांत महत्त्वाचं आहे. खिशात एक वही ठेवा. फोटो काढला की तिथंच लिहा: नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, गल्ली, काय चाललं होतं, तारीख. उद्या लिहू म्हटलं की राहून जातं, आणि वीस वर्षांनी फोटोतला माणूस कोण हे सांगणारंच कुणी उरत नाही. संगणकावर फोल्डरला वर्ष, महिना, दिवस, गाव, प्रसंग या क्रमानं नाव द्या, म्हणजे आपोआप ओळीनं लागतात. दोन हार्ड डिस्कवर प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या गावात, बहिणीकडं किंवा भावाकडं. श्रावणात लेन्सला बुरशी धरते. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा.

संध्याकाळी गावच्या ग्रुपवर निवडक दहा-बारा फोटो टाका, शेकड्यांनी नको. पण टाकण्याआधी विचारा. फोटो काढायची परवानगी वेगळी आणि चारचौघांत दाखवायची वेगळी. लहान मुलं, तरुण मुली, नदीवर कपडे धुणाऱ्या बाया, दारूच्या नशेतला माणूस, दवाखान्यातला पेशंट, यांचा फोटो ग्रुपवर जायलाच नको. "काढू का फोटो, बाई?" एवढं विचारलं आणि ती नको म्हणाली तर हसून पुढं जा. महिन्याभरानं तीच बोलावते.

प्रत ५ बाय ७ची काढा. पाठीमागं मऊ पेन्सिलीनं नाव-तारीख लिहा. बॉलपेन दाबून लिहिलं की पुढून उमटतं. लॅमिनेशन मीही करून देतो, पण घरातला एकुलता एक जुना फोटो लॅमिनेट करू नका. आत ओल अडकली की तो चिकटतो आणि पुन्हा काढता येत नाही. आधी स्कॅन, मग प्रत, आणि मूळ फोटो कागदाच्या पाकिटात. प्रत स्वतः नेऊन द्या. देताना शेजारच्या घरातून हाक येतेच, "मन्हा बी काढ ना भो." त्या हाकेवर माझं निम्मं काम चाललंय.

वर्षातून एकदा, २६ जानेवारीला प्रभातफेरी आणि ग्रामसभा असते तेव्हा, पंचायतीच्या किंवा शाळेच्या भिंतीवर दोरी बांधून वर्षभराचे निवडक फोटो चिमट्यांनी टांगा. जुन्या घरांतून स्कॅन केलेलेही लावा, ज्यातली माणसं ओळखता येत नाहीत तेसुद्धा. प्रत्येकाखाली कोऱ्या कागदाची पट्टी चिकटवा आणि दोरीला दोन-तीन पेन्सिली बांधून ठेवा. म्हातारी माणसं येतील, वाद घालतील, हा अमक्याचा बाप की चुलता यावर अर्धा तास जाईल, आणि नावं लिहिली जातील. तुम्ही बाजूला वही घेऊन बसा. दोघांनी वेगवेगळी नावं सांगितली तर दोन्ही लिहून घ्या आणि नंतर घरी जाऊन विचारा. संध्याकाळी ज्याचा फोटो त्याला काढून द्या.